तंजावरचा राजवाडा व त्यातील ठेवा

दर वर्षी पावसाळा सरला म्हणजे आमच्या शाळेची एखादी तुकडी अंबरनाथचे शिवमंदिर पाहावयास जाते. कल्याणाहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीने अंबरनाथ स्टेशनावर उतरावे, कारखाने व चाळी यांची दाटी मागे टाकावी आणि वालधुनी नदीच्या काठी यावे, तो ते काळ्या दगडाचे मंदिर एकाएकी दृष्टीस पडते. मंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील छित्तराज राजाने आरंभिलेले हे काम त्याचा भाऊ माम्वाणी याच्या कारकीर्दीत तडीस गेले, असे विद्वान मानतात. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले म्हणजे थंडगार काळोख लागतो; आणि वर पाहावे तर शिखराचा माथा ढासळलेला असल्यामुळे आकाश दिसते.

मागे एका सहलीत इयत्ता सातवीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, राजाने देवाचे घर एवढे मोठे बांधले, मग राजाचे घर कोठे आहे?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर आमच्यापाशी एका शब्दाचेच होते: नाही. शिलाहारांनी शेकडो वर्षे ठाण्याच्या प्रदेशावर राज्य केले, पण त्यांच्या राहत्या वाड्याची एक भिंतही आज दाखविता येत नाही. जुने राजवाडे बहुधा विटांचे व लाकडाचे असत. राजा गेला, वंश बुडाला, म्हणजे वासे कोणी काढून नेत व विटा शेजारच्या घरांना लागत. देवळास राखणारा कोणी ना कोणी असतो. रिकाम्या राजवाड्यास कोण राखणार?

मुलाचे समाधान झाले किंवा नाही हे आम्हांस ठाऊक नाही. आमचे मात्र झाले नाही. कारण एक राजवाडा आम्ही पाहिला होता, की जेथे राज्य बुडून दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला असूनही घर उभे आहे, आणि नुसते उभे नाही तर रोज त्याची दारे लोकांसाठी उघडतात. तोही एका थोर शिवमंदिराच्या जवळच आहे, आणि तो मराठ्यांचा आहे. परंतु महाराष्ट्रात नव्हे, तर थेट दक्षिणेस, कावेरीच्या मुलुखात तंजावर येथे. तो राजवाडा का राहिला, हेच आमच्या बालवाचकांस आज सांगावयाचे योजिले आहे.

तंजावरास प्रथम नजरेत भरते ते बृहदीश्वराचे मंदिर. राजराज चोळ याने ते इ. स. १०१० च्या सुमारास पुरे केले, म्हणजे आपल्या अंबरनाथाहून ते सुमारे पन्नास वर्षांनी वडील होय. त्या मंदिराच्या आवारात हिंडत असता एका भिंतीपाशी आम्ही थबकलो. सभोवार सर्व लेख तमिळ. आणि येथे मात्र दगडावर ओळींमागून ओळी देवनागरी अक्षरांच्या, आणि भाषा पाहावी तर मराठी! तो भोसले वंशाचा इतिहास आहे. सरफोजी राजाने तो इ. स. १८०३ मध्ये कोरविला, आणि जगातील अतिशय लांब शिलालेखांत त्याची गणना होते. घरापासून शेकडो कोस दूर परभाषेच्या मुलुखात आपली भाषा अशी दगडावर भेटावी, याने मनास काय वाटते ते अनुभवावाचून कळावयाचे नाही.

मराठे तेथे गेले कसे, हे थोडक्यात सांगू. शहाजीराजे भोसले यांचे पुत्र व शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ऊर्फ एकोजी हे विजापूरच्या वतीने दक्षिणेत उतरले. तंजावरच्या जुन्या नायक घराण्याचा मदुरेच्या नायकाने पाडाव केला होता. त्या गोंधळात व्यंकोजीराजांनी इ. स. १६७६ च्या सुमारास तंजावर आपल्या हाती घेतले. तेव्हापासून इ. स. १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे, तेथे भोसल्यांची गादी होती. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजी हे स्वतः ग्रंथकार होते; त्यांनी 'लक्ष्मीनारायणकल्याण' इत्यादी मराठी नाटके रचिली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले ते इ. स. १८४३ मध्ये, तंजावरची नाटके त्याहून सुमारे दीडशे वर्षे जुनी. समर्थ रामदासांच्या शिष्यपरंपरेचे मठही त्या प्रांती स्थापन झाले. सारांश, तंजावर हे केवळ मराठ्यांचे ठाणे नव्हते, तर मराठी भाषेचे एक दूरचे माहेरघर होते.

आता राजवाडा. त्याचा आरंभ सोळाव्या शतकात नायक राजांनी केला व मराठ्यांनी त्यात भर घातली. तो एका आराखड्याने बांधलेला नाही. चौकांमागून चौक, कमानींचे सोपे, अरुंद जिने आणि मध्येच आकाशात गेलेले बुरूज असा तो वाढत गेलेला आहे. बांधकाम मुख्यत्वे विटांचे व चुन्याचे. दरबारात रंगीत खांब व कमानी आहेत. कोठे रंग ताजे, कोठे पोपडे गेलेले. एक उंच, निमुळता, मजल्यांवर मजले चढविलेला मनोरा आहे. त्यास शस्त्रागार म्हणतात. दुसऱ्या एका मनोऱ्यात तर एका देवमाशाचा प्रचंड सांगाडा ठेविला आहे, इ. स. १९५५ मध्ये तो मासा तरंगमबाडीच्या किनाऱ्यास लागला होता. मुलांस राजवाड्यातील इतर सर्व गोष्टींचा विसर पडेल, पण तो सांगाडा त्यांच्या स्मरणातून जाणार नाही. परंतु आम्हांस ज्यासाठी हा राजवाडा मोलाचा वाटतो, ते त्याच्या भिंतींत नाही. ते एका राजाच्या चरित्रात आहे, आणि त्या चरित्रात एका शिक्षकाचाही भाग आहे.

तो शिक्षक म्हणजे रेव्ह. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. त्याचा जन्म प्रशियात इ. स. १७२६ मध्ये झाला, हाले येथे त्याचे शिक्षण झाले, आणि इ. स. १७५० मध्ये तो डेन लोकांच्या तरंगमबाडी बंदरी उतरला. पुढे अठ्ठेचाळीस वर्षांत तो मायदेशी एकदाही परत गेला नाही. तमिळ तर त्याने आत्मसात केलीच, पण फारसी व हिंदुस्थानी शिकला आणि तंजावरच्या दरबारी लोकांशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकला. त्याच्या सचोटीचा लौकिक एवढा होता, की इंग्रजांचा कट्टर वैरी हैदर अली यानेही इ. स. १७७९ मध्ये त्यास श्रीरंगपट्टणी वकील म्हणून येऊ दिले.

तंजावरचे तुळजाजी राजे इ. स. १७८७ मध्ये मृत्युशय्येवर होते. त्यांना पुत्र उरला नव्हता. म्हणून त्यांनी भोसले कुळातील नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला आणि त्याचा हात श्वार्ट्झच्या हाती दिला. तोच सरफोजी. परंतु तुळजाजींच्या पश्चात त्यांचे सावत्र बंधू अमरसिंग हे गादीवर बसले आणि मुलाची स्थिती बंदिवानासारखी झाली. त्यास शिक्षण नाही, मोकळी हवा नाही. श्वार्ट्झने त्याच्यासाठी कंपनी सरकाराकडे वारंवार लिहिले. अखेरीस इ. स. १७९३ मध्ये मुलास व राजस्त्रियांस मद्रासेस हलविण्यात आले आणि तेथे रेव्ह. गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण पुढे चालले. दत्तविधानाचा वाद पुन्हा तपासला जाऊन जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसला. पण श्वार्ट्झने आपला शिष्य सिंहासनावर पाहिला नाही. त्याच वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यात तो प्रभूच्या घरी गेला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण मिशन शाळांविषयी पुष्कळ गैरसमज असतात. सरफोजी राजा ख्रिस्ती झाला नाही. तो अखेरपर्यंत आपल्या पूर्वजांच्या धर्मात राहिला, काशीयात्रेस गेला, बृहदीश्वराची सेवा केली. तरीही गुरूविषयीचा त्याचा भाव तिळमात्र उणा झाला नाही. इंग्लंडातील नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्याने संगमरवरी स्मारक करविले, आणि ते तंजावरच्या किल्ल्यातील श्वार्ट्झच्या चर्चमध्ये बसविण्यात आले. म्हातारा गुरू अंथरुणावर पडला आहे आणि शिष्य त्याचा हात हाती घेऊन उभा आहे, असा त्यातील प्रसंग आहे. गुरूच्या समाधीवरील इंग्रजी ओळीही राजाने स्वतः रचिल्या. शिष्याने आपली सर्व मते मानावी हे गुरूच्या श्रमाचे फळ नव्हे. त्याने प्रामाणिक व्हावे, जिज्ञासू व्हावे आणि उपकार स्मरावे, हे होय. आम्ही शिक्षकांनी ते स्मारक पाहून जो धडा घ्यावयाचा तो हा.

राजा गादीवर बसला खरा, पण राज्य त्याच्या हाती फार दिवस राहिले नाही. इ. स. १७९९ च्या तहाने मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला व आसपासची थोडी जागा राहिली. वर्षास एक लक्ष होन आणि मुलुखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढी नेमणूक ठरली. बावीस वर्षांचा तरुण, हाती पैसा पुष्कळ, काम काहीच नाही, आणि दाराशी इंग्रज रेसिडेंट. अशा स्थितीत सापडलेल्या संस्थानिकांनी काय केले हे इतिहासात वाचावयास मिळते: शिकार, नाचरंग, कर्ज आणि भाऊबंदकी. सरफोजीने वेगळा मार्ग धरिला. ज्या घरातून राज्य चालविता येत नाही, त्या घरातून विद्या चालविता येईल, असे त्याने मनात आणिले असावे. निदान त्याच्या पुढील तेहतीस वर्षांच्या कृतीवरून तसे दिसते.

नायकांच्या वेळेपासून राजवाड्यात एक ग्रंथभांडार होते, त्यास सरस्वती महाल म्हणत. सरफोजीने ते वाढवून अपूर्व केले. इ. स. १८२० मध्ये मोठ्या लवाजम्यासह तो काशीयात्रेस निघाला, तेव्हा वाटेत व काशीस त्याने पंडित लावून पोथ्या मिळविल्या व नकला करविल्या. युरोपातून त्याने चार हजारांहून अधिक छापील पुस्तके मागविली, आणि त्यांतील कित्येकांवर त्याची सही आजही दिसते. धन्वंतरी महाल नावाचे एक वैद्यकगृह त्याने चालविले. तेथे देशी व युरोपीय औषधींची परीक्षा होई. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून प्रत्येकाचा रोग व उपचार टिपून ठेविलेले कागद अद्याप जपलेले आहेत. त्याने पाठशाळा काढिल्या. राजवाड्यातच त्याने देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने छापिले. बंगालात सेरामपूरच्या मिशनमध्ये विल्यम कॅरीने आपले मराठी व्याकरण इ. स. १८०५ मध्ये छापिले, तो काळही हाच. म्हणजे पुण्यामुंबईत मराठी पुस्तके छापली जाऊ लागण्यापूर्वीच देशाच्या दोन दूरच्या कोपऱ्यांत, एकीकडे एक मिशनरी व दुसरीकडे एका मिशनऱ्याचा शिष्य, मराठीचे खिळे जुळवीत होते.

इ. स. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले. राजाशी चार दिवस सहवास झाल्यावर त्यांनी लिहून ठेविले की हा हिंदू राजा लव्हॉयझिए, लिनीयस, ब्यूफाँ इत्यादी शास्त्रज्ञांची मते सहज सांगतो आणि शेक्सपियरच्या काव्याविषयी मार्मिक बोलतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्रिचनापल्ली येथे बिशपसाहेबांचा अंत झाला. सरफोजी राजे इ. स. १८३२ मध्ये निवर्तले.

त्यांचे पुत्र शिवाजी यांना पुरुषसंतती नव्हती. इ. स. १८५५ मध्ये ते वारले आणि लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत कंपनीने गादी खालसा केली. इतक्यावर न थांबता राजाची खासगी मालमत्ताही जप्त झाली. राजवाड्याच्या दारांवर पहारे बसले. राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली व तेथे त्यांच्यासारखा निकाल लागला. परंतु इ. स. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. एका सार्वभौम सत्तेने दुसऱ्या राज्याविषयी केलेली ही कृती असल्याने तिची चौकशी करण्याचा अधिकार कोर्टास नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. अन्याय झाला की नाही याचा विचार कोर्टाने आपल्याकडे घेतलाच नाही! हे प्रकरण कायद्याच्या अभ्यासकांस अजूनही शिकविले जाते.

शस्त्रागाराचे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेल्या तंजावरच्या तलवारी, कट्यारी व भाले यांतील काही निवडक हत्यारे इ. स. १८६३ च्या सुमारास मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेली. उरलेली बहुतेक तोडून भंगाराच्या भावाने काढिली गेली. आज तो उंच मनोरा रिकामा आहे. ज्यांच्या जोरावर राज्य मिळविले ती हत्यारे गेली, आणि ज्या पोथ्यांनी एक बिघा जमीनही जिंकिली नव्हती त्या राहिल्या.

पोथ्या राहिल्या याचे कारण त्यांचे मोल ओळखणारी माणसे निघाली. तंजावर येथील इंग्रज न्यायाधीश ए. सी. बर्नेल यांनी वर्षानुवर्षे खपून राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार यादी केली व ती इ. स. १८८० मध्ये लंडनास छापली गेली. तेव्हा युरोपातील विद्वानांस कळले की तंजावरात काय आहे. पुढे राजघराण्याच्या वारसांनी या भांडारावरील आपला हक्क सोडिला, आणि इ. स. १९१८ मध्ये सरस्वती महाल हा सर्व लोकांसाठी खुला झाला. इ. स. १९८३ मध्ये भारत सरकारने त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले. तेथील हजारो हस्तलिखितांत तीन हजारांहून अधिक मराठी आहेत. राजवाड्याच्या दुसऱ्या भागात इ. स. १९५१ मध्ये कलादालन स्थापन झाले व आसपासच्या मुलुखात सापडलेल्या चोळकालीन मूर्ती तेथे आणून ठेविण्यात आल्या. याप्रमाणे एका राजाचे घर हळूहळू सर्वांचे घर झाले.

पॅरिसचा लूव्हर राजवाडाही असाच संग्रहालय झाला. परंतु तेथे राजक्रांती झाली, राजाचे मस्तक उडविले गेले, आणि त्याच वर्षी, इ. स. १७९३ मध्ये, त्याच्या घरातील चित्रे लोकांस दाखविण्यात आली. आपल्या देशात ग्वाल्हेरचा जयविलास, कोल्हापूरचा नवा राजवाडा इत्यादी ठिकाणी संस्थाने विलीन झाल्यावर राजघराण्यांनी आपल्या वाड्यांचे काही भाग लोकांसाठी खुले केले. तंजावरची कथा या सर्वांहून निराळी, ती अशी की तेथे वाड्याचे संग्रहालय करण्याचे अर्धे काम राजाने स्वतः जिवंतपणीच करून ठेविले होते. दारावरची पाटी तेवढी मागाहून लागली.

कलादालनातील एक मूर्ती पाहिल्यावाचून कोणी परत येऊ नये. तिरुवेंकाडू या गावी जमिनीत पुरलेल्या काही पंचरसी मूर्ती इ. स. १९५० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत सापडल्या. त्यांत नंदीला रेलून उभा असलेला शिव आहे. मंदिराच्या लेखावरून तो इ. स. १०११ च्या सुमारास ओतला गेला असे ठरते. पायावर पाय सहज टाकिला आहे, मस्तकावर जटांचा फेटा बांधिला आहे, आणि एक हात नंदीच्या पाठीवर टेकिला आहे. परंतु नंदी तेथे नाही. तो केव्हाच हरवला. हात मात्र नऊशे-हजार वर्षे त्याच डौलाने हवेत टेकलेला आहे. आम्ही ख्रिस्ती, आमच्या उपासनेत मूर्तीला स्थान नाही. तरी मनुष्याच्या हाताला परमेश्वराने दिलेले कौशल्य पाहून आमची मान लवली. तिच्यासमोर कोणी फूल वाहत नाही, दिवा लावीत नाही. खाली एक चिठ्ठी व काल लिहिला आहे. देवळात मूर्ती भक्ताशी बोलते. संग्रहालयात ती जो विचारील त्याच्याशी बोलते. विचारणाराच नसेल तर मात्र ती मुकी.

हे आम्हांस त्याच दिवशी, एका दालनापलीकडे, चांगलेच कळून आले. सरस्वती महालाच्या दर्शनी भागात काचेखाली काही निवडक हस्तलिखिते मांडिली आहेत. त्यांत एक मोडी कागद होता. त्या राजांचे दप्तर मोडीत आहे. शेकडो रुमाल बांधून ठेविलेले आहेत. आम्ही वाकून पाहिले. काळी शाई, एका वळणाने वाहत गेलेली अक्षरे. भाषा आमची, मराठी. आणि आम्हांस एक ओळही लागेना! आम्ही विश्वविद्यालयाचे पदवीधर, वीस वर्षे मुलांस मराठी शिकविणारे. इंग्रजीतील कविता वर्गात समजावून सांगणारे. आणि आपल्याच आजोबा-पणजोबांच्या हातचे अक्षर आमच्यापुढे तमिळाइतकेच परके होते. शेजारी एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवास काही सांगत होते. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल लागलेली, पण मराठीच. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे त्या प्रांती अद्याप आहेत. आम्ही महाराष्ट्रातून आलो असे कळताच त्यांच्या मुद्रेवर आनंद दिसला. त्यांनी काचेकडे बोट दाखवून विचारले, "हे काय लिहिलेय, तुम्ही सांगा की." आम्हांस सांगता आले नाही. आम्ही काही तरी उत्तर दिले व पुढे सरलो. परंतु ती लाज आमच्याबरोबर घरापर्यंत आली.

मोडी म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. लेखणी शक्यतो न उचलता भराभर लिहिण्यासाठी वळविलेली ती आपलीच लिपी आहे. तिच्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत, आणि शब्दांमध्ये जागाही सोडीत नाहीत, एवढीच काय ती अडचण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ती शाळांतून शिकविली जात असे. छापखान्यास बाळबोध सोयीची पडली, मोडी मागे पडली, आणि दोन पिढ्यांत वाचणारे विरळ झाले. तंजावरात पोथ्यांना कसर लागू नये म्हणून वेखंड, काळे जिरे, लवंग, मिरी, दालचिनी व कापूर यांची पूड फडक्यात बांधून ती पुरचुंडी कपाटात ठेवितात; ताडपत्रांस सुवासिक तेल लावितात. आपल्या प्रभूने, जेथे कसर लागते अशा ठिकाणी धन साठवू नका, असे बजाविले आहे. तंजावरच्या पोथीखान्यात उभे राहून आम्हांस त्या उपदेशाचा एक वेगळाच अर्थ सुचला. वेखंडाने किडा दूर राहील, पण विस्मरण नावाची जी कसर आहे तिला वेखंड चालत नाही. ज्या कागदास वाचणारा उरला नाही, तो कपाटात सुरक्षित असूनही नाहीसा झाल्यासारखाच होय.

म्हणून परत आल्यावर आम्ही प्रथम स्वतः मोडी शिकलो. चाळिशी उलटल्यावर पुन्हा अ, आ गिरविताना बोटे ऐकत नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर सातआठ विद्यार्थी आमच्याबरोबर बसतात. एकाने घरच्या पेटीतील पणजोबांचा जमिनीचा कागद आणिला होता. तीन शनिवार खपून आम्ही तो सर्वांनी मिळून लाविला. त्यात राजेरजवाडे काही नव्हते. एक विहीर, दोन आंब्याची झाडे आणि बांधाचा तंटा एवढेच होते. परंतु शेवटी पणजोबांचे नाव लागले, तेव्हा त्या मुलाने जो चेहरा केला तो कोणत्याही दरबारापेक्षा आम्हांस अधिक शोभिवंत वाटला.

आता त्या सातवीतील विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळून हा लेख पुरा करू. बाळ, शिलाहार राजाचे घर आज नाही, कारण ते त्याच्या एकट्याचे होते. तो गेला व तेही गेले. त्याचे मंदिर राहिले, कारण ते अनेकांचे होते. सरफोजी राजाचे घर राहिले, कारण राज्य हातचे गेल्यावर त्याने आपल्या घरात अशा वस्तू भरल्या, की ज्या दुसऱ्यास दिल्याने कमी होत नाहीत. तूही एक दिवस तंजावरास जाशील. बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी लेख वाच, श्वार्ट्झच्या चर्चमधील स्मारक पाहा, हरवलेल्या नंदीवर हात टेकून उभ्या असलेल्या शिवापुढे क्षणभर थांब. आणि काचेखालच्या त्या कागदाशी कोणी वृद्ध गृहस्थ तुला, हे काय लिहिलेय, असे विचारतील, तेव्हा तुला तुझ्या शिक्षकासारखे पुढे सरावे लागू नये. शनिवारच्या वर्गात जागा आहे.